'उतरवा'

काल गुरुपौर्णिमा झाली आणि आमची दहीहंडीची प्रॅक्टिस सुरू झाली. दरवर्षी ह्याच दिवशी होते. मारुतीपुढे नारळ फोडायचा, खोबरं-साखर वाटायची आणि लगेच एकदा थर लावून बघायचा, पाऊस असला तरी. आणि रत्नागिरीत आषाढात पाऊस नाही असं कधी होतच नाही, त्यामुळे आम्ही शेडखाली उभ्या, पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की शेजारचीचं बोलणं ऐकू येत नाही, खालचा कोबा ओला, पाय घसरू नये म्हणून त्यावर भाताचा तूस टाकलेला, कडेनं जुन्या गाद्या. इथून गोपाळकाल्यापर्यंत जेमतेम सव्वा महिना मिळतो.

मी २०१५ पासून महिला गोविंदा पथकात आहे, मधली कोरोनाची दोन वर्षं दहीहंडी झालीच नाही ती सोडून. आधी चार वर्षं दुसऱ्या थरात होते, आता तळाला असते. ह्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण राहून जात होतं. गेल्या महिन्यात भाची पुण्याहून आली होती, तिनं मोबाईलवर चिअरलीडिंगचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, मावशी हे बघ, हे तुमच्यासारखंच आहे. मी भाकरी थापत होते, पीठ लागलेल्या हातानं तसाच फोन धरला आणि तो व्हिडिओ सलग चार वेळा बघितला, तव्यावरची भाकरी करपली.

खरं सांगते, मला तोपर्यंत चिअरलीडर म्हणजे २००८ ला आयपीएल सुरू झाली तेव्हा बाउंड्रीजवळ नाचायच्या त्या मुली एवढंच माहीत होतं. आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल लोक काय काय बोलायचे तेही ऐकलेलं होतं. पण हे वेगळंच होतं. अमेरिकेत ऑर्लँडोला दरवर्षी ह्याची मोठी जागतिक स्पर्धा होते, अडीच मिनिटांच्या आत सगळं करून दाखवायचं असतं, कोलांट्या, उड्या, एकमेकींना उचलणं, हवेत फेकणं आणि झेलणं. खाली उभ्या असतात त्या बेस. वर जाते ती फ्लायर. मागं एक उभी असते ती बॅकस्पॉट, तिचं काम म्हणजे वरचीचं डोकं आणि मान सांभाळणं, बाकी काहीही झालं तरी तिनं नजर वरचीवरून हलवायची नाही. हे बघून माझ्या अंगावर काटा आला कारण आमच्याकडं हेच काम बाहेरच्या कड्यातल्या बायका करतात आणि त्यांना कुणी नावसुद्धा दिलेलं नाही.

भाचीनं मग वाचून दाखवलं की ह्याची सुरुवात १८९८ मध्ये मिनेसोटा युनिव्हर्सिटीत झाली, एका विद्यार्थ्यानं फुटबॉलच्या मॅचला पुढं उभं राहून सगळ्यांकडून घोषणा म्हणून घेतल्या, आणि पहिली कित्येक वर्षं हा फक्त मुलांचा प्रकार होता, मुली आल्या त्या १९२३ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षांनी. आणि ऑलिंपिक कमिटीनं ह्या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली ती २०२१ मध्ये. तोपर्यंत त्यांनाही लोक हेच विचारत असणार, हा काय खेळ आहे का. आम्हाला तर अजून विचारतात. आपल्या राज्य सरकारनं २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला तेव्हा मी ती बातमी कापून पर्समध्ये ठेवली होती, अजून आहे.

मी पथकात आले ती ठरवून नाही. मी पतसंस्थेची दैनंदिन ठेव गोळा करते, रोज संध्याकाळी मारुती मंदिरपासून खाली बाजारापर्यंत चालत, दुकानं, टपऱ्या, मच्छीवाल्या, सगळ्यांकडे जाते. तिथल्याच एका ताईंनी मला विचारलं, तुझे खांदे चांगले रुंद आहेत, येतेस का आमच्यात. लहानपणापासून ह्याच खांद्यांवरून मला ऐकून घ्यावं लागलेलं, ब्लाऊज शिवताना, लग्न ठरताना, सगळीकडं. पहिल्यांदा कुणीतरी ते कामाचे आहेत म्हणून मला बोलावलं. मी त्याच दिवशी गेले.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंना खांद्याचाच शब्द खटकला. मी म्हटलं, मी दुसऱ्या थराला खांदा देते. त्या एकदम म्हणाल्या, असं बोलू नये गो, खांदा मयताला देतात, तू म्हण खांद्यावर घेते. तेव्हापासून मी तसंच म्हणते. विरोध केला नाही त्यांनी, फक्त शब्द बदलायला लावला.

आता हे थर म्हणजे नेमकं काय असतं ते सांगते, कारण टीव्हीवर फक्त वरची मुलगी आणि फुटलेली हंडी दिसते. आम्ही चार थरांचं पथक. तळाला बारा जणी गोल, तोंडं आत, हात एकमेकींच्या खांद्यावर घट्ट, त्यांच्या पाठीला टेकून बाहेरचं कडं, ते जितकं मोठं तितकं बरं. त्यांच्यावर सहा, त्यांच्यावर तीन आणि सगळ्यात वर एक. मी हिशेबातली बाई आहे म्हणून एकदा हिशेब केला. वरची ३६ किलो, तिसऱ्या थरातल्या तिघी मिळून साधारण १४४, म्हणजे दुसऱ्या थरातल्या सहा जणींवर १८०, वाटून घेतलं तर प्रत्येकीला ३०. त्यात दुसऱ्या थराचं स्वतःचं वजन मिळवलं की तळाला पाचशेच्या वर जातं आणि बारा जणींत प्रत्येकीला साडेबेचाळीस किलो येतात. म्हणजे तांदळाचं एक पोतं. तेवढं आमच्यातली कुठलीही उचलते.

पण हा हिशेब सगळ्या स्थिर उभ्या असल्या तरच खरा असतो. चढताना तसं नसतं. चढणारी एका वेळी एकाच पायावर असते, त्या क्षणाला तिचं सगळं वजन एकाच खांद्यावर येतं, वाटणी बिटणी काही नाही. आणि ती तिथं थांबून दुसरा पाय कुठं ठेवायचा ते बघत असते. तो एक-दोन सेकंदांचा वेळ ज्यांनी खांद्यावर घेतलाय त्यांनाच माहीत.

वर बघायचं नसतं. मान आत, नजर खाली, हा पहिला नियम, कारण मान वर केली की कणा वाकतो आणि सगळा थर हलतो. त्यामुळे इतक्या वर्षांत मी आमची एकही हंडी फुटताना बघितलेली नाही. अंगावर दही-पाणी पडतं तेव्हा कळतं फुटली. फोटोत मी कुठंच नाही, असलेच तर डोक्याचा मागचा भाग. पण मी आमच्या पोरींना पायांवरून ओळखते. हे मी कुणाला सांगितलं तर हसतात, पण खरंच ओळखते. एकीच्या टाचेला भेगा आहेत, शेतातल्या चिखलाच्या, लावणीच्या दिवसात त्या खांद्याला खरखरीत लागतात. एकीचा पाय कायम गार असतो, उन्हाळ्यातही. एकीची जोडवी प्रॅक्टिसला काढलेली असतात पण त्या बोटाला खाच पडलीये, ती बरोबर हाडावर येते. आणि आमची तेव्हाची वरची, तिचा तळवा एवढासा, पण बोटं अशी काही आवळायची की पक्षी फांदीवर बसतो तसं वाटायचं. पाय आधी घाबरतो, चेहरा नंतर. बोटं ताठ झाली की समजायचं हिला भीती वाटतेय, मग खालून तिच्या पोटरीवर दोनदा थोपटायचं. ढोल-ताशात ओरडून काही उपयोग नसतो, थोपटलेलं कळतं.

वरच्या मुलीचं वय हा मोठा वादाचा विषय होता त्या काळात. २०१४ मध्ये हायकोर्टानं अठराच्या आतल्या मुलांना मनाई केली आणि वीस फुटांच्या वर थर नको म्हटलं, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं, मग २०१७ मध्ये हायकोर्टानं उंचीची अट काढली आणि वय चौदाच्या खाली नको एवढं ठेवलं. उंचीचा आम्हाला फरक पडत नव्हता. ठाण्यात २०१२ मध्ये नऊ थरांचा जो गिनीज रेकॉर्ड झाला तो ४३.७९ फुटांचा, म्हणजे एका थराला पाच फुटांना जरा कमी, आमचे चार थर वीस फुटांच्या आतच बसायचे. पण वयाचा पडला. अठराची अट होती तेव्हा आमची वरची चौदाची होती, तिला थांबवावं लागलं, रडली खूप. तेव्हा बऱ्याच जणांना राग आला होता, मलाही. आता नाही येत. वीस फूट म्हणजे दोन मजले, तिथून लहान पोर खाली येताना मी बघितलंय, मी कायद्याच्या बाजूनं आहे आणि चौदासुद्धा मला कमीच वाटतं. त्यानंतर वर चढली ती एकोणीस-वीस वर्षांची, अंगानं लहान, शिवणकाम करायची.

तिच्याबद्दलच सांगायचंय.

२०१८ ची गोष्ट. एका मोठ्या बक्षिसाच्या ठिकाणी आम्हाला बोलावलं होतं, कुठलं ते लिहीत नाही. संध्याकाळी सातची वेळ दिलेली, पण पुरुषांची पथकं येत राहिली, पाहुणे येत राहिले, भाषणं झाली, आणि आम्ही सव्वातीन तास पावसात उभ्या. खाली गाद्या नव्हत्या, विचारलं तर म्हणाले महिलांचे चारच थर आहेत, कशाला लागतात. हे वाक्य मला अजून टोचतं. साडेदहाच्या आसपास आमचा नंबर लागला. अंग गारठलेलं, पोटात दुपारचे पोहे.

तळ बांधला, आम्ही सहा जणी चढलो, तिसऱ्या थरातल्या चढायला लागल्या. माझ्या अंगावरून जी जायची तिचा पाय ओल्या टी-शर्टवरून सरकला आणि टाच खांद्यावरून माझ्या मानेच्या बाजूला येऊन बसली. डाव्या हातात एकदम मुंग्या आल्या आणि मग हातच गेला, म्हणजे होता, शेजारचीच्या खांद्यावर होता, पण मला जाणवेना. ती उभी राहिली. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. आमच्यात सांगायची रीत होती, अण्णांनी, म्हणजे आमच्या कोचनी, शिकवलेलं होतं की काही झालं तर ओरडा. पण इतक्या वेळानं नंबर लागलेला, माइकवाला ओरडतोय, वरची माझ्या शेजारून चढत गेलेली मला कळलं, मनात म्हटलं दहा सेकंद, फक्त दहा सेकंद, एवढं निभावून नेऊ. माझ्यामुळं उतरायला लागलं असं कुणी म्हणायला नको.

मी दात आवळून उभी राहिले आणि माझा डावा गुडघा वाकला.

थर कोसळतो तेव्हा आवाज येत नाही, निदान आत असणारीला येत नाही. एकदम सगळं हलकं होतं. मग सगळ्या एकमेकींवर. मला खरचटलं फक्त. वरची बाहेरच्या कड्यावर आली, त्यांनी झेललं म्हणून डोकं वाचलं, पण तिथून घसरली आणि हातावर पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि पुढं गणपती, मग दसरा-दिवाळी, शिवणकामाचा अख्खा सीझन गेला तिचा.

सगळे म्हणाले पाऊस होता, घसरलं. मीही मान हलवली. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी अण्णांच्या घरी गेले. ते पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते, एक ऑगस्टला मासेमारी सुरू झालेली, बोट दोन दिवसांनी परत जायची होती. मी सगळं सांगितलं, हात गेला होता, मला कळलं होतं, मी बोलले नाही. ते बराच वेळ जाळ्याची गाठ मारत राहिले. मला वाटलं आता चिडतील. मग म्हणाले, "म्हंजे तू दोनदा गप ऱ्हायलीस."

एवढंच. मी रडत घरी आले आणि तिथून सरळ तिच्याकडं गेले आणि तिला सांगितलं. ती लगेच काही म्हणाली नाही. नंतर म्हणाली, मला तुझा खांदा हलत होता ते पायाला कळत होतं, मला वाटलं मी बोलले तर तुम्ही म्हणाल घाबरली. म्हणजे आम्ही दोघीही, एक खाली नि एक वर, त्याच दहा सेकंदांत गप्प बसलो होतो.

त्यानंतरच्या वर्षी अण्णांनी नियम केला. कुणीही 'उतरवा' म्हणायचं. तळातली पहिल्या दिवशी आलेली पोर असली तरी. ऐकू नाही गेलं तर शेजारचीनं ओरडायचं, मग तिच्या शेजारचीनं, वरपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली येईपर्यंत का म्हणून विचारायचं नाही. खाली आल्यावरही तिनं सांगितलं तर ऐकायचं. आणि त्या वर्षी पहिले तीन आठवडे आम्ही चढण्यापेक्षा उतरण्याचीच प्रॅक्टिस केली. वरचीनं आधी बसायचं, मग एका बाजूनं सरकत तिसऱ्या थराच्या कमरेशी, तिथं हात, मग दुसऱ्या थराच्या मांडीवर पाय. ती पूर्ण जमिनीवर टेकल्याशिवाय तिसऱ्या थरानं हलायचं नाही. चढायला आम्हाला चाळीस सेकंद लागतात, नीट उतरायला त्याहून जास्त, आणि दमलेल्या अंगानं. हंडी फुटली की सगळ्यांचं लक्ष संपतं, लोक नाचायला लागतात, आणि तेव्हा आमचं अर्धं काम बाकी असतं.

स्पेनमध्ये कातालोनिया म्हणून भाग आहे, तिथं पण असेच मानवी मनोरे करतात, कास्तेल म्हणतात त्याला, युनेस्कोनं २०१० मध्ये त्यांच्या यादीत घेतलंय. त्यांच्या स्पर्धेत मनोरा नुसता वरपर्यंत पूर्ण केला तर कमी गुण आणि तोच सगळे सुखरूप उतरून मोकळा केला तर जास्त गुण. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पथकाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. आपल्याकडे हंडीच्या बक्षिसात असा नियम कुणीतरी करावा असं मला मनापासून वाटतं. बक्षीस सगळ्या पायउतार झाल्यावर जाहीर करा. आणि गाद्या घाला, चार थर असले तरी.

आता घरातलं. २०२१ च्या मे महिन्यात सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. मिस्टर बोटीवर असतात, मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत घरी होते तोवर दोघांनी मिळून केलं. पण तो जुलै तसा नव्हता. २२ तारखेला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, माझी बहीण तिथं राहते, तळमजला पूर्ण गेला, पोरांना घेऊन माळ्यावर रात्र काढली तिनं. रविवारी आमच्या पथकातल्या नऊ जणी टेम्पोत बसून माझ्याबरोबर आल्या, खराटे, फावडी, घमेली घेऊन. कुणाला सांगावं लागलं नाही कुठं उभं राहायचं. घरापासून गटारापर्यंत रांग झाली आणि घमेली हातोहात पुढं जायला लागली, गुडघाभर चिखल, त्यात फ्रिज आडवा, भांडी, पुस्तकांचा लगदा, आणि तो वास, तो अजून नाकात आहे. संध्याकाळपर्यंत तीन घरं मोकळी केली. बहीण मला म्हणाली, तुमच्या बायका बोलत नाहीत गं, नुसत्या पुढं पुढं देतात.

मग ऑगस्ट लागला आणि मिस्टर बोटीवर गेले. आणि मी एकटी. बिछान्यावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात, रात्रीसुद्धा. म्हणजे मी दहाला, बाराला, दोनला, चारला उठायचे. सकाळी त्यांचं सगळं करून, जेवण ठेवून, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून कलेक्शनला जायचे, तेही निम्म्यावर आलेलं, दुकानं बंद, लोक म्हणायचे ताई पुढच्या आठवड्यात बघू. रात्री परत तेच. कुणी फोन केला की मी म्हणायचे, चाललंय, व्यवस्थित आहे. हे वाक्य मी रोज किती वेळा म्हणत होते कुणास ठाऊक.

एका पहाटे दूध तापवत होते, गॅसजवळ उभी, आणि डाव्या हातात मुंग्या आल्या. तशाच. तिथंच, मानेपासून सुरू होऊन बोटांपर्यंत. मला एकदम त्या रात्रीचा माइक ऐकू आला. आतल्या खोलीत सासूबाई कण्हत होत्या, मी म्हटलं दहा सेकंद, आणि मग लक्षात आलं मी काय म्हणाले ते. गॅस बंद केला आणि विरारला भावोजींना फोन लावला, पावणेसहा वाजले होते, ते झोपेत. मी म्हटलं, भावोजी, उतरवा. ते म्हणाले, काय वहिनी, काय उतरवू? मला हसूही आलं आणि रडूही. मग नीट सांगितलं, मला आता एकटीला पेलत नाही, आईंना काही झालं तर माझ्या हातून होईल, तुम्ही या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुतारी एक्स्प्रेसनं उतरले. पंधरा दिवस राहिले. पहिल्या रात्री दोन वाजता मी सवयीनं उठले तर ते आईची कूस बदलत होते, चुकीच्या बाजूनं हात घातलेला, मी दाखवलं कमरेखाली हात कसा घालायचा, वजन अंगाजवळ कसं घ्यायचं, हे सगळं मला पथकानंच शिकवलेलं. नंतर नणंदबाई आणि आम्ही मिळून महिने वाटून घेतले. भांडणं झाली नाहीत असं नाही, झाली, कोण किती दिवस, औषधाचे पैसे कोण, सगळं झालं. पण मी बोलले नसते तर ती भांडणंसुद्धा झाली नसती आणि सगळे म्हणत राहिले असते की वहिनी किती करते. सासूबाईंची वाचा थोडी परत आली होती नंतर. एकदा मी त्यांना उठवून बसवत होते, त्या माझ्या खांद्यावर डाव्या हातानं थोपटत म्हणाल्या, "खांद्यावर घेतलंस." शब्द बरोबर वापरला त्यांनी. गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

पथकातल्या बाकीच्या गोष्टी काय सांगू, खूप आहेत. दरवर्षी दोन-तीन पोरी लग्न होऊन जातात आणि सासरचे परत पाठवत नाहीत, त्याचं वाईट वाटतं आणि त्यावर मी वेगळं लिहीन. बक्षिसाचे पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे, बाहेरच्या कड्यातल्यांनाही, ह्यावर आम्ही कधीच तडजोड केली नाही. प्रॅक्टिसच्या दिवशी पायाला तेल लावून यायचं नाही, नखं कापायची, बांगड्या काढायच्या. आणि उपाशी यायचं नाही, श्रावणातले उपास धरून येतात काही जणी, त्यांना मी घरून रताळं उकडून नेते.

काल नवीन सहा पोरी आल्या. त्यांना चढायला शिकवते ती आमची जुनी वरची, मनगट तिचं पावसाळ्यात अजून दुखतं, पण तीच शिकवते. एक सतरा-अठराची मुलगी, कॉलेजची, माझ्या उजव्या बाजूला तळाला उभी केली. पहिलाच दिवस, तोंडातून शब्द नाही. दोन थर झाले, तिसरा लागला. माझा हात तिच्या खांद्यावर होता, मला तिचा श्वास लागलेला कळत होता, पण मी काही बोलले नाही, तिनं बोलायला हवं होतं. पत्र्यावर पाऊस धो धो. आणि मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "उतरवा."

मलाच जेमतेम ऐकू आलं. मी ओरडले, "उतरवा!" माझ्या पलीकडची ओरडली, तिच्या पलीकडची ओरडली, आवाज गोल फिरून वर गेला. कुणी विचारलं नाही का. वरच्या बसल्या, सरकल्या, आणि माझ्या खांद्यावर एक पाय आला, भेगांचा, ओळखीचा, क्षणभर टेकला आणि खाली उतरला. मग दुसरा.